मोडतोडीच्या पलीकडे : उत्परिवर्तन, निवड आणि नवे जैविक कार्य

जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन औरंगाबाद शहरात बोलताना केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे जाहीर केले आणि माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कुठेच लिहून ठेवलेले नाही, असे कारण दिले. देशातील तिन्ही प्रमुख विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला. उत्क्रांतीवरचा आपल्याकडचा जाहीर वाद बहुतेक वेळा याच पातळीवर घुटमळतो, आणि त्यामुळे या विषयातला खरोखर विचार करायला लावणारा आक्षेप मराठी वाचकापर्यंत क्वचितच पोहोचतो.

तो आक्षेप असा आहे. सजीव बदलतात, कीटकनाशकाला दाद न देणारे कीटक आणि प्रतिजैविकाला पुरून उरणारे जीवाणू निपजतात, हे मान्य. परंतु हे सारे बदल असलेल्याच गोष्टीत थोडी वाढघट करणारे किंवा थेट मोडतोड करणारे असतात. जनुकांची नक्कल होताना घडणाऱ्या चुका, म्हणजे उत्परिवर्तने, आणि त्यांतून टिकणाऱ्यांची होणारी निवड, एवढ्या दोन गोष्टींतून पूर्वी नव्हते असे कार्य उभे राहू शकत नाही. अमेरिकेतील जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बेही यांनी हा युक्तिवाद सर्वांत नेटाने मांडला आहे. सर्व सजीवांचे पूर्वज समान आहेत हे बेहींना मान्य आहे, ही गोष्ट त्यांचे नाव घेणारे अनेकजण सोयीस्करपणे विसरतात. त्यांचा प्रश्न वंशावळीचा नाही, यंत्रणेचा आहे, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. माझ्या मते त्याचे उत्तर आज प्रयोगाने मिळालेले आहे आणि ते ‘होय, नवे कार्य उभे राहते’ असे आहे. मात्र ते कसे राहते हे पाहिल्यावर आक्षेप घेणाऱ्यांच्या आणि उत्क्रांतीची बाजू घेणाऱ्यांच्याही काही आवडत्या कल्पना सोडाव्या लागतात.

आपल्या बाजूच्या आवडत्या उदाहरणापासूनच सुरुवात करावी. उत्क्रांती डोळ्यांदेखत घडते हे सांगताना महाराष्ट्रात हमखास गुलाबी बोंडअळीचा दाखला दिला जातो. अळीला मारणारे जीवाणूचे विषप्रथिन स्वतःच बनवणाऱ्या बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन विषप्रथिने असलेले वाण २००६ पासून आले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडअळीने ती दोन्ही प्रथिने पचवून बोंडेच्या बोंडे पोखरली. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी मिळत असे. ती बांधाच्या कडेने पेरली तर बीटीला बळी पडणाऱ्या अळ्याही जगत राहाव्यात, त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक पतंगांशी संकर व्हावा आणि प्रतिकारशक्ती विरळ होत जावी, असा त्यामागचा हिशेब होता. बहुतेकांनी ती पुडी पेरली नाही. नैसर्गिक निवडीचा याहून स्पष्ट, आणि याहून महागात पडलेला, धडा शोधूनही सापडणार नाही.

पण हे उदाहरण नव्या कार्याचे नाही. बीटीचे पहिले विषप्रथिन अळीच्या आतड्यातील कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटते आणि मग पेशींना भोके पाडते. भारतीय शेतांतून गोळा केलेल्या प्रतिकारक अळ्यांमध्ये या कॅडहेरिनचे जनुक ठिकठिकाणी बिघडलेले आढळले. विषाला धरायला जागाच उरली नाही, म्हणून अळी वाचली. दुसऱ्या विषप्रथिनाबाबतही, जनुक वेगळे असले तरी, गोष्ट अशीच आहे. म्हणजे अळीने काही कमावले नाही, काहीतरी गमावून जीव वाचवला. बेही नेमके हेच म्हणतात, आणि इथे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. एखादे प्रथिन बिघडवण्याचे मार्ग शेकडो असतात आणि सुधारण्याचे मोजके, त्यामुळे संकट अचानक कोसळले की निवडीच्या हाती आधी मोडतोडच लागते. बोंडअळीचा दाखला देऊन ‘पाहा, नवे कार्य निर्माण झाले’ असे म्हणणारा माणूस चुकीचा साक्षीदार उभा करतो, आणि उलटतपासणीत तो साक्षीदार टिकत नाही.

पुढे जाण्यापूर्वी ‘यादृच्छिक’ या विशेषणाने काय सांगितले जाते ते स्पष्ट करणे भाग आहे, कारण निम्मा गोंधळ तिथे होतो. उत्परिवर्तने जनुकसंचात सगळीकडे सारख्याच वारंवारतेने होतात, असा त्याचा दावा नाही. काही जागा अधिक चुकतात, काही कमी. दावा एवढाच आहे की सजीवाला कशाची गरज आहे याच्याशी चूक कुठे होणार याचा संबंध नसतो. लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये ही गोष्ट संख्याशास्त्राने दाखवली होती. १९५२ मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने ती डोळ्यांना दिसेल अशी केली. जीवाणू वाढवलेली ताटली त्यांनी मखमलीच्या तुकड्यावर हलकेच दाबली. मखमलीच्या तंतूंवर जीवाणूंचा जसाच्या तसा ठसा उमटला, आणि तीच मखमल औषध घातलेल्या एकामागून एक ताटल्यांवर टेकवली. प्रत्येक ताटलीवर वाचलेले जीवाणू त्याच त्या जागी उगवले. मग मूळ ताटलीतील, औषधाचा कधी स्पर्शही न झालेल्या, नेमक्या त्या जागेवरचे जीवाणू उचलून पाहिले, तर प्रतिकारशक्ती तिथे आधीपासूनच होती. औषधाने ती निर्माण केली नव्हती, फक्त उघड केली होती. उत्परिवर्तन आंधळे असते याचा अर्थ इतकाच. निवड मात्र आंधळी नसते, ती दर पिढीला परिस्थितीची कसोटी लावत असते. ‘निव्वळ योगायोगातून एवढे सगळे कसे घडेल?’ या प्रश्नात यंत्रणेचा हा दुसरा अर्धा भाग गाळलेला असतो.

आता मूळ प्रश्नाकडे. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या कोणालाही महाविद्यालयीन प्रयोगशाळेतली सायट्रेट चाचणी आठवत असेल. तिरक्या गोठवलेल्या हिरव्या माध्यमावर जीवाणूंची रेघ ओढायची आणि दुसऱ्या दिवशी रंग पाहायचा. निळा झाला तर जीवाणू सायट्रेटवर जगू शकतो, हिरवाच राहिला तर नाही. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूची नळी हिरवीच राहते. प्राणवायू असताना सायट्रेट खाता न येणे हे या जातीचे ओळखपत्रच मानले जाते, आणि त्याच्या काही जवळच्या नातलगांपासून त्याला वेगळे काढताना जगभरच्या प्रयोगशाळा त्यावर विसंबतात.

अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी २४ फेब्रुवारी १९८८ रोजी एकाच पूर्वजापासून ई. कोलायच्या बारा वसाहती सुरू केल्या. रोज प्रत्येक चंबूतील शंभरावा भाग ताज्या माध्यमात टाकायचा, म्हणजे दिवसाला सुमारे साडेसहा पिढ्या. दर ५०० पिढ्यांनी नमुने गोठवून ठेवायचे, म्हणजे पुढे वाटेल तेव्हा पूर्वजांना पुन्हा जिवंत करता येते. माध्यमात ग्लुकोज मुद्दाम अपुरे ठेवलेले होते आणि सायट्रेट, दुसऱ्याच रासायनिक कारणासाठी, भरपूर होते. जीवाणूंच्या दृष्टीने ते वाढलेले पण तोंडात घालता न येणारे ताट होते. पंधरा वर्षे असेच गेले. २००३ मध्ये एका सकाळी बारांपैकी एक चंबू इतरांपेक्षा कितीतरी पट गढूळ दिसला. पहिली शंका अर्थातच बाहेरच्या जीवाणूंनी शिरकाव केल्याची होती, आणि ती तपासून फेटाळली गेली. सुमारे ३१,५०० व्या पिढीच्या आसपास त्या वसाहतीतील ई. कोलाय प्राणवायूच्या उपस्थितीत सायट्रेट खाऊ लागला होता. झॅकरी ब्लाउंट आणि सहकाऱ्यांनी हे २००८ मध्ये प्रसिद्ध केले आणि नेमके काय घडले याचा जनुकीय उलगडा २०१२ मध्ये झाला.

उलगडा असा. ई. कोलायकडे सायट्रेट पेशीत ओढून घेणाऱ्या प्रथिनाचे जनुक मुळातच असते, पण प्राणवायू असताना ते बंद राहते. नक्कल होताना एका चुकीने डीएनएचा सुमारे २,९०० अक्षरांचा तुकडा दोनदा उतरला गेला, आणि दुसऱ्या प्रतीतले ते जनुक अशा एका शेजारी जनुकाच्या नियंत्रकाखाली आले, जो नियंत्रक प्राणवायूतही चालू असतो. पहिल्यांदा याचा फायदा नगण्यच होता. त्या पेशी सायट्रेटचा जेमतेम घोट घेऊ शकत. त्या तुकड्याच्या आणखी प्रती झाल्या, इतर काही बदल जुळले आणि हजार-दीड हजार पिढ्यांनंतर चंबू गढूळ झाला. गोठवलेले पूर्वज पुन्हा वाढवून पाहिले तेव्हा सुमारे २०,००० व्या पिढीच्या आधीच्या नमुन्यांतून ही क्षमता उगवेना, नंतरच्यांतून मात्र अधूनमधून उगवे. म्हणजे आधी होऊन गेलेल्या बदलांनी, ज्यांचा सायट्रेटशी वरकरणी संबंध नव्हता, वाट तयार केलेली होती.

यावर बेहींच्या बाजूने येणारे उत्तर ठरलेले आहे: जनुक जुनेच होते, फक्त त्याचे बटण बदलले. हे खरे आहे आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. परंतु त्या जीवाणूला जे अन्न खाता येत नव्हते ते येऊ लागले, जातीचे ओळखपत्र बदलले, आणि ज्या जोडणीमुळे हे घडले ती जोडणी पूर्वजाच्या जनुकसंचात नव्हती. नव्या कार्यासाठी कच्चा मालही नवाच हवा, अशी अट घालणारा माणूस उत्क्रांतीकडे असे काही मागतो आहे ज्याचा दावा तिने कधी केलेलाच नाही. पंख हा पूर्वी पुढचा पाय होता, सस्तन प्राण्यांच्या मधल्या कानातील हाडे सरीसृपांच्या जबड्यातून आली. शून्यातून काही येते असे डार्विनपासून कोणीही म्हटलेले नाही.

याच प्रकरणाला एक गमतीदार शेपूट आहे. आयडाहो विद्यापीठातील स्कॉट मिनिच, हे स्वतः बुद्धिमान रचनावादाचे, म्हणजे सजीवांमागे बुद्धिमान रचनाकार असल्याच्या मताचे, समर्थक, यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवले की जीवाणूंना थेट सायट्रेटवरच ताटकळत ठेवले तर ही क्षमता ३१,००० नव्हे, अवघ्या १२ ते १०० पिढ्यांत उगवते. लेन्स्कींच्या शोधाच्या दुर्मीळतेचा फार गाजावाजा झाला, ही त्यांची टीका काही अंशी रास्तच होती. पण उत्परिवर्तन आणि निवड यांना नवे कार्य जमत नाही असे ज्यांना सुचवायचे आहे, त्यांच्याच प्रयोगशाळेने ते काही आठवड्यांत, पुन्हा पुन्हा, घडवून दाखवले.

तरीही खरोखरच नवे जनुक हवे, असा आग्रह असेल तर त्याचेही उत्तर आहे. स्वीडनमधील डॅन अँडरसन आणि अमेरिकेतील जॉन रॉथ यांच्या गटांनी २०१२ मध्ये साल्मोनेला जीवाणूवर केलेला प्रयोग मला या वादातला सर्वांत निर्णायक वाटतो, आणि त्याची चर्चा त्या मानाने फारच कमी होते. हिस्टिडिन हे अमिनो आम्ल बनवण्याच्या साखळीतील एका विकराचे (एन्झाइमचे) जनुक त्यांनी घेतले; उत्परिवर्तनामुळे ते विकर मूळ कामासोबत ट्रिप्टोफॅन बनवण्यातली एक पायरीही अगदी दुबळेपणाने करू शकत होते. ट्रिप्टोफॅनसाठीचे मूळ जनुक काढून टाकलेले होते आणि माध्यमात ही दोन्ही अमिनो आम्ले नव्हती. अशा स्थितीत दुबळ्या जनुकाच्या जितक्या जास्त प्रती तितके जगणे सुकर, म्हणून प्रती वाढल्या. प्रती वाढल्या की प्रत्येक प्रतीत वेगवेगळ्या चुका साठू लागल्या. आणि ३,००० पिढ्यांच्या आत काही वंशांमध्ये एक प्रत हिस्टिडिनच्या कामात तरबेज झाली, तर दुसरी ट्रिप्टोफॅनच्या. एका जनुकाची दोन जनुके झाली, दोघांची कामे वेगळी झाली, आणि प्रत्येक टप्प्यावरचे जनुक वाचून हे तपासता आले. काही वंशांनी दोन्ही कामे करणारे एकच सुधारलेले विकर पसंत केले, हेही नोंदवायला हवे; निवड एकाच वाटेने जाते असे नाही. यावर, ट्रिप्टोफॅनची ती पायरी सृष्टीत आधीच अस्तित्वात होती, असा आक्षेप घेता येईल. पण तो घेणाऱ्याने आपली अट आणखी एकदा बदललेली असते.

संभाव्यतेचा युक्तिवाद मात्र वेगळा आहे आणि त्याला स्वतंत्र उत्तर लागते. शंभर अमिनो आम्लांचे प्रथिन घेतले तर २० चा शंभरावा घात इतके क्रम शक्य होतात. विश्वाच्या आयुष्यातही ते धुंडाळून होणार नाहीत. मग कामाचा क्रम हाती लागणारच कसा? या गणितात एक गृहीतक गुपचूप शिरलेले असते, की कामाचा क्रम एकच आहे. अँथनी कीफ आणि जॅक शॉस्टाक यांनी २००१ मध्ये ८० अमिनो आम्लांची सहा लाख कोटी यादृच्छिक प्रथिने तयार केली आणि त्यांतून एटीपी या रेणूला धरून ठेवणारी प्रथिने शोधली. त्यांना एकमेकांशी नाते नसलेली चार कुळे सापडली, आणि साधारण दहा हजार कोटींत एक असे प्रमाण निघाले. हे प्रमाण विरळ आहे, यात शंका नाही; पण २० च्या शंभराव्या घाताच्या तुलनेत ते अगदी हाताशी आहे. शिवाय केवळ एखाद्या रेणूला चिकटणे आणि विशिष्ट रासायनिक क्रिया वेगाने घडवणे यांत बरेच अंतर आहे, तेव्हा या एका आकड्यावरून सगळ्या कार्यांचा निकाल लावू नये, हेही तितकेच खरे.

निवडीला मर्यादा आहेत आणि त्या मोजता येतात, हे आपल्या बाजूने अधिक मोकळेपणाने सांगायला हवे. सेफोटॅक्सिम हे आपल्या रुग्णालयांत सर्रास वापरले जाणारे प्रतिजैविक. ते निष्प्रभ करण्याची जीवाणूंच्या एका विकराची क्षमता पाच विशिष्ट बदल एकत्र आले की सुमारे एक लाख पटीने वाढते. हे पाच बदल १२० वेगवेगळ्या क्रमांनी होऊ शकतात. डॅनियल वाइनराइक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रत्येक मधली पायरी तपासली, तेव्हा १०२ वाटा बंद निघाल्या, कारण त्यांवर कुठेतरी पायरी फायद्याची ठरत नव्हती. फक्त १८ वाटांवर निवड शेवटपर्यंत चढू शकत होती. याचा अर्थ बेही म्हणतात तशा भिंती असतात. पण त्या चौफेर नसतात, आणि एक वाट मोकळी असली तरी जीवाणूंना पुरते. इथे मोडतोडीचा मुद्दाही लागू पडत नाही, कारण हे विकर बिघडलेले नाही. जे औषध त्याला फोडता येत नव्हते ते ते फोडू लागले आहे.

उत्साहाच्या भरात दिलेली काही उदाहरणे तर बाजूलाच ठेवावीत. जपानमध्ये १९७५ मध्ये नायलॉनच्या कारखान्याच्या सांडपाण्यात, मानवनिर्मित टाकाऊ रेणूंवर जगणारा जीवाणू सापडला. त्याचे विकर जनुकाची चौकट सरकून एका फटक्यात नव्याने तयार झाले, अशी कल्पना १९८४ मध्ये मांडली गेली आणि अजूनही उत्साहाने सांगितली जाते. पुढे त्या विकराची रचना उलगडली, तेव्हा ते आधीपासूनच्या एका विकरकुळातील असून थोड्याशा अमिनो आम्लांच्या बदलाने नायलॉनच्या तुकड्यांवर काम करू लागले असावे, असे दिसले. उदाहरण नव्या कार्याचेच राहते, पण चमत्काराची झळाळी उतरते, आणि ती उतरलेली बरी.

प्रयोगशाळेबाहेर, माणसाचा हात लागण्यापूर्वी, असे घडल्याचा पुरावा हवा असेल तर अंटार्क्टिकच्या समुद्राकडे पाहावे. तिथले पाणी उणे १.९ अंशांपर्यंत उतरते आणि साध्या माशाचे रक्त त्यात गोठते. तिथल्या नोटोथेनिऑइड माशांच्या रक्तात बर्फाच्या कणांना चिकटून त्यांची वाढ रोखणारे प्रथिन असते: थ्रिओनिन, अ‍ॅलानिन, अ‍ॅलानिन हे तीन घटक पुन्हा पुन्हा जोडलेले. लियांगबियाओ चेन, आर्थर डेव्हरीस आणि ची-हिंग चेंग यांनी १९९७ मध्ये दाखवले की हे जनुक ट्रिप्सिनोजेन या पचनविकराच्या जनुकापासून आले. त्याची दोन टोके टिकली, मधला भाग गळाला आणि जनुकाच्या आतला अवघ्या नऊ अक्षरांचा तुकडा पुनःपुन्हा गिरवला जाऊन नवे प्रथिन तयार झाले. उत्तर ध्रुवाकडच्या कॉड माशांत जवळजवळ हुबेहूब प्रथिन आहे, पण ते पूर्णपणे वेगळ्या मार्गाने आले: २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्याचा उगम कोणतेही प्रथिन न घडवणाऱ्या डीएनएत आहे. पचनाशी संबंध असलेल्या जनुकातून एकीकडे, आणि ज्याला जनुकही म्हणता येणार नाही अशा भागातून दुसरीकडे, एकाच गरजेला एकच उत्तर मिळाले.

जीवाणूंच्या शेपटीसारख्या अनेक प्रथिनांच्या गुंतागुंतीच्या यंत्रणा पायरी-पायरीने कशा जुळल्या, याची संपूर्ण हकिगत आज कोणाकडेही नाही, आणि त्या अब्जावधी वर्षे जुन्या घटना चंबूत पुन्हा घडवता येणार नाहीत. तिथे आपण अनुमान करतो. भाग एकमेकांसारखे आहेत, काही भाग इतरत्र दुसरीच कामे करतात, अशा खुणांवरून करतो. अनुमान आणि निरीक्षण यांतला हा फरक लपवण्याचे कारण नाही. पण ज्याचे निरीक्षण झाले आहे ते झालेले नाही असे म्हणण्याचा अधिकार त्यातून कोणाला मिळत नाही.

हा वाद वर्गात कुठे आहे? एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातील ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ हे प्रकरण २०२३ मध्ये फक्त आनुवंशिकतेपुरते उरले आणि उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रापर्यंत ढकलली गेली, म्हणजे दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या प्रत्येकासाठी ती संपलीच. देशातील अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि नागरिकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिले, ते योग्यच होते. महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे पहिलेच प्रकरण आहे, ही समाधानाची बाब. परंतु त्यातही भर आहे तो जीवाश्म, अवशेषांगे आणि जोडणारे दुवे यांवर, म्हणजे उत्क्रांती झाली याच्या पुराव्यांवर. नवे कार्य कोणत्या यंत्रणेने उभे राहते, हा बेहींचा प्रश्न विद्यार्थ्यापुढे येत नाही आणि म्हणून त्याचे उत्तरही येत नाही. मग तो प्रश्न त्याला पुढे कधीतरी एखाद्या व्हिडिओतून भेटतो, अनुत्तरित म्हणून. लेडरबर्ग दांपत्याच्या प्रयोगाला एक मखमलीचा तुकडा, चार ताटल्या आणि थोडे औषध लागते; वरिष्ठ महाविद्यालयाच्या कोणत्याही सूक्ष्मजीवशास्त्र विभागात तो आठवड्याभरात होतो. सायट्रेट चाचणी तर तिथे दर वर्षी होतेच. नळी हिरवी राहिली की वहीत ‘नकारात्मक’ असे लिहून विद्यार्थी पुढच्या चाचणीकडे वळतात, आणि हीच नळी निळी होऊ शकते, कशी आणि किती पिढ्यांत, हे त्यांना कोणी सांगत नाही.